जबडा असलेली भीती

शार्क माशाला घाबरण्याचं लातूरकराला तसं काहीच कारण नाही. कुठल्याही वाटेने निघा, समुद्र रात्रभराच्या प्रवासावर. घरचं पाणी म्हणजे मांजरा नदी, आणि ती स्वतःच चैत्रात तहानलेली. २०१६च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून रेल्वे आली, त्याची देशभर बातमी झाली. अशा गावात रात्रीची जेवणं उरकून घरची सगळी माणसं टीव्हीसमोर बसतात आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा बेटावरच्या पोरांनी पाण्यात उतरू नये म्हणून जीव मुठीत धरतात. एवढं पाणी बघून खरं तर हेवा वाटायला हवा. वाटते ती भीती. आणि त्या भीतीची गोडी अशी की जाहिरात लागली तरी कुणी उठत नाही.

अजस्र जनावरांचे हे चित्रपट आमच्याकडे आले ते बहुतेक केबलवाल्याच्या कृपेने. विजेच्या खांबांवरून, लिंबाच्या फांदीवरून आणि शेजाऱ्याच्या गच्चीवरून ओढलेली ती काळी वायर रात्री नऊ वाजता घरात काय सोडेल याचा नेम नसे. कधी अॅमेझॉनचा अजगर, कधी तळ्यातली मगर, कधी नुसतेच उंदीर. पण संख्येने आणि आकाराने असे की मांजरानेच घर सोडावं. सगळं हिंदीत. अॅमेझॉनवरचा नावाडी मुंबईच्या टॅक्सीवाल्यासारखा बोलायचा आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. 'अॅनाकोंडा'त अजगर खलनायकाला गिळतो, मग ओकून टाकतो, आणि चिकट लाळेने माखलेला तो माणूस मरता मरता नायिकेला डोळा मारतो. तो क्षण पाहून आमच्या गल्लीतली पोरं आठवडाभर एकमेकांना डोळा मारत हिंडली होती.

देशी माल नव्हता असं नाही. 'जानी दुश्मन'मधलं लाल शालूतल्या नवरीवर झेप घेणारं केसाळ भूत होतं, 'जुनून'मध्ये पौर्णिमेच्या रात्री वाघ होणारा राहुल रॉय होता. धर्मेंद्रचा शार्कवरचा 'आतंक' तर कित्येक वर्षं रखडून १९९६ मध्ये लागला, तोवर त्यातले विनोद मेहरा आणि अमजद खान या जगात राहिले नव्हते. तो मासा कुणाला खरा वाटला असेल असं मला वाटत नाही. पण खरं वाटणं ही या चित्रपटांची अट कधी नव्हतीच.

आमची आजी हे सगळं पाठमोरी बसून पाहायची, म्हणजे ऐकायची. समोर परडीत कापूस, बोटाला राख लावलेली आणि मांडीवर वाती वळणं चाललेलं. मधेच किंकाळी आली की हात न थांबवता विचारायची,

"मेलं का रं ते जनावर?"

"न्हाई आजी, अजून."

"मग बसते जराशीक."

जनावर मेलं की ती परडी उचलून उठे. नायक-नायिकेचं पुढे काय झालं, बेटावरून सुटका झाली की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. आम्ही हसायचो. तिच्या प्रश्नाचं वजन मला पुष्कळ उशिरा कळलं, कारण त्यासाठी आधी किल्लारी समजून घ्यावी लागते.

आमच्या औसा तालुक्यातली किल्लारी. १९९२च्या पावसाळ्यापासून त्या भागात जमिनीखालून आवाज यायला लागले होते. मधूनच भांडी वाजत, कवाडं हलत, माणसं अंगणात येऊन झोपत आणि चार दिवसांनी पुन्हा घरात जात. देशाच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. मग १९९३च्या ३० सप्टेंबरची पहाट आली. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. काळ्या दगडाच्या, नुसत्या मातीत रचलेल्या रुंद भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात ज्या घराने गारवा दिला तेच घर अंगावर आलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली मिळून पन्नासाहून अधिक गावं भुईसपाट झाली, आठ ते दहा हजार माणसं गेली.

त्या भीतीला तोंड नव्हतं. जबडा नाही, डोळे नाहीत, माग नाही. ती कुठून आली हे दाखवता येईना आणि ती गेली असं कुणी छातीठोक सांगेना. लहान धक्के पुढेही बसत राहिले. माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, आणि गंमत म्हणजे पत्र्याचंच घर बरं वाटू लागलं, कारण पत्रा अंगावर पडला तर माणूस मरत नाही. म्हातारी माणसं म्हणत, शेषाने फणा हलवला. आम्ही शाळेत भूगोल शिकत होतो, आम्हाला ते अडाणीपणाचं वाटायचं. आता वाटतं, ती माणसं आपल्यापरीने त्या बिनतोंडाच्या गोष्टीला तोंड देऊ पाहत होती. पृथ्वीच्या पोटातले ताण आणि भेगा यांच्यावर रागावता येत नाही, त्यांची विनवणीही करता येत नाही. सापावर रागावता येतं. त्याला दूध दाखवता येतं. जपानातले लोकही जुन्या काळी भूकंपाचं खापर जमिनीखालच्या एका प्रचंड माशावर फोडत आणि त्याची चित्रं छापत. थरथरणाऱ्या जमिनीखाली जनावर कल्पायचं, हे माणसाचं फार जुनं काम आहे.

अशात १९९४ मध्ये 'ज्युरासिक पार्क' हिंदीत आला. आमच्याकडे मोठ्या शहरांच्या मागून आला, आणि शाळेच्या शाळा रांगेने पाहायला गेल्या. त्यातला एक प्रसंग जगभर नावाजला गेला. पाऊस पडतोय, गाडी बंद पडलीय, गाडीत दोन पोरं आहेत आणि समोर पाण्याचे दोन पेले ठेवलेत. काही दिसत नाही. फक्त पेल्यातल्या पाण्यावर एक वर्तुळ उमटतं आणि विरतं. पुन्हा उमटतं. ते वर्तुळ नेमकं गोल यावं म्हणून तंत्रज्ञांनी गाडीच्या पुढच्या भागाखाली गिटारची तार ताणून बसवली होती आणि ती छेडली की पेल्यात पाणी थरथरे, असं मी पुढे वाचलं. जगाने त्या प्रसंगात युक्ती पाहिली. लातूरच्या थिएटरात मात्र त्या क्षणी शिट्ट्या थांबल्या. माझ्या शेजारच्या बाकावरचा एक बाप्या अर्धा उठून उभा राहिला आणि त्याने आधी छताकडे पाहिलं, मग दाराकडे. तांब्यातलं पाणी असं हललं की काय करायचं, हे त्या वर्षभरात आमच्या हाडांत बसलं होतं.

मग पडद्यावर तो आला. कुंपणाच्या तारा तुटल्या, पाऊल पडलं, डोकं वळलं, आणि हत्तीचं पिल्लू, वाघ आणि सुसर यांच्या आवाजांची मोट बांधून केलेली ती डरकाळी फुटली. थिएटर किंचाळलं. त्या किंचाळण्यात भीतीबरोबर सुटकाही होती, असं मी आज म्हणेन. जमिनीच्या त्या थरथरीला अखेर कुणीतरी धनी मिळाला होता. त्याला दात होते. त्याच्या अंगाला वजन होतं. तो कुठे उभा आहे ते दिसत होतं, म्हणून कुठल्या बाजूला पळायचं तेही कळत होतं. जी गोष्ट आमच्याशी वर्षभर अंधारातून बोलत होती ती दोन तासांसाठी उजेडात येऊन उभी राहिली, आणि मध्यंतरात आम्ही तिच्याबद्दल वडापाव खात बोलू शकलो.

यातला एक योगायोग मला अजून सोडत नाही. आमच्या भिंतींचा तो काळा दगड म्हणजे दख्खनच्या पठाराचा लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. डायनासोर पृथ्वीवरून गेले ते याच सुमारास, आणि त्यांच्या जाण्यात या लाव्ह्याचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ आजही भांडतात. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला त्यांची हाडं सापडली आहेत. म्हणजे ज्या जनावराला आम्ही अमेरिकेचं समजून पाहत होतो ते या मुलखाचंच जुनं रहिवासी होतं, आणि आम्ही त्याच्या काळाच्या राखेवर घरं बांधून राहत होतो.

बिनचेहऱ्याच्या भीतीला देह देण्याची सर्वांत थेट गोष्ट जपानने केली. १९५४च्या १ मार्चला बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली आणि त्याची किरणोत्सारी राख जपानच्या एका मासेमारी नौकेवर पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इशिरो होंडा यांचा 'गॉडझिला' लागला. समुद्राच्या तळाशी झोपलेलं जनावर बॉम्बने उठतं आणि टोकिओ तुडवत जातं. आत रबरी पोशाख घातलेला माणूस, पायाखाली लहान लहान घरं. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेला चामडी हातमोजा मोठ्या तंतुवाद्याच्या सैल तारांवर घासून त्याचा आवाज काढला. हिरोशिमा पाहिलेल्या लोकांपुढे हा खेळ मांडणं म्हणजे थट्टा वाटावी. पण किरणोत्सार दिसत नाही, त्याला वास नाही, तो कधी संपला ते कळत नाही. गॉडझिला दिसतो. प्रेक्षकांना रडायला त्याने जागा करून दिली.

आपल्याकडे ही विद्या पडद्याच्या फार आधीपासून आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाज्यांवर शरभ कोरलेला असतो. सिंहासारखं अंग, वटारलेले डोळे आणि चारी पंजांत, कधी शेपटीतसुद्धा, पकडलेले हत्ती. हत्ती अगदी मांजराच्या पिलाएवढे. कुठल्याशा अनाम पाथरवटाने प्रमाणाचा हा जो खेळ केला, तोच न्यूयॉर्कच्या उंच इमारतीवर चढलेल्या किंगकाँगच्या मुठीत बाई देणाऱ्यांनी १९३३ मध्ये केला. आणि तुळजापूरची भवानी तरी कोणत्या रूपात उभी आहे? महिषासुरमर्दिनीच्या. नवरात्रात मराठवाड्यातली माणसं रात्रीतून अनवाणी चालत तुळजापूर गाठतात ती एका अजस्र जनावराच्या अंताची आठवण ठेवायला. आजी दर वर्षी जायची. ते जनावर मेलं का, हा प्रश्न तिने तिथून आणला होता. जे मरतं ते तिला समजत होतं. जमीन मरत नाही, दुष्काळ मरत नाही; म्हणून निदान पडद्यावरचं तरी मेलेलं पाहून तिला निजायचं होतं.

चांगला चित्रपट मात्र हे समाधान लवकर देत नाही. 'जॉज'च्या वेळी स्टीव्हन स्पिलबर्गकडे यंत्राचे शार्क होते, पण समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ते सारखे बिघडत. मासाच नाही तर दाखवायचं काय? मग त्याने माशाच्या अंगात रुतलेल्या भाल्यांना दोरीने बांधलेले पिवळे पिंप दाखवले. निळ्या सपाट पाण्यावर तीन पिवळे पिंप. ते स्थिर असतात तोवर पोटात खड्डा पडलेला. मग ते एकदम सरळ रेषेत नावेकडे धावत येतात आणि बुडून नाहीसे होतात. खाली काय आहे ते आपणच रंगवायचं, आणि आपल्याइतकं भयानक कुठलं यंत्र रंगवणार! नांदेड-लातूरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. २००७-०८ मध्ये नांदेड शहराखालीच गुडगुडायला लागलं होतं. हिंगोली जिल्ह्यात पांगरा शिंदेला जमिनीतून आवाज येतात, २०२२च्या सप्टेंबरमध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत आले. २०२४च्या २१ मार्चला सकाळी सहाच्या सुमाराला नांदेड-हिंगोली-परभणीची माणसं चहाचे कप तसेच ठेवून रस्त्यावर आली. आमचे पिवळे पिंप अधूनमधून असे वर येतात.

एवढं सगळं खरं, तरी एका ठिकाणी मला हे चित्रपट टाळावेसे वाटतात. जिथे जनावर खरं असतं तिथे. नांदेडच्या माहूर-किनवटच्या पलीकडे पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. तिथल्या पांढरकवडा-राळेगाव भागात दोन वर्षांत तेरा माणसांचे बळी गेले, आणि ते टी-१ नावाच्या वाघिणीच्या खात्यावर घातले गेले. लोक तिला अवनी म्हणत. तिच्या शोधासाठी हत्ती आले, ड्रोन आले. तिला भुलवण्यासाठी परदेशी पुरुषी अत्तर फवारलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री ती गोळीने मेली आणि मागे तिचे दोन बछडे राहिले. वाचताना 'जॉज'च्या उत्तरार्धाची पटकथा वाटावी. पण त्या गावांतल्या माणसांना त्यात गोडी नव्हती. कापूस वेचायला जावं तर लागतं आणि जायला पाय उचलत नाही, अशी ती भीती. वाघिणीला तरी काय माहीत, ती कुठल्या गोष्टीतली खलनायिका आहे! 'शेरनी'ने २०२१ मध्ये अशीच कथा मांडली ती दबक्या आवाजात, डरकाळीशिवाय. मराठीत २०१४ मध्ये 'आजोबा' आला, तो माळशेज घाटात सोडलेल्या आणि चालत चालत मुंबईच्या जंगलात पोचलेल्या एका खऱ्याखुऱ्या बिबट्यावर. त्यात जनावर कुणाला घाबरवत नाही, माणसंच त्याच्यामुळे जरा शहाणी होतात.

'जॉज' ही कादंबरी लिहिणारा पीटर बेंचली याने पुढचं आयुष्य शार्कचं संरक्षण करा हे सांगण्यात घालवलं, कारण त्याच्या कल्पनेतल्या माशाचा सूड लोक समुद्रातल्या माशांवर घेत होते. आपल्याकडेही आता उसात काही खसफसलं की मोबाइलवर बिबट्याचा व्हिडिओ फिरतो. वन खात्याची माणसं येतात, ठसे पाहतात आणि तरस आहे म्हणून सांगतात. तोवर पोरांच्या हातात काठ्या आलेल्या असतात. पडद्यावरच्या जनावराने भीतीला देह दिला हे त्याचं देणं. तो देह उचलून शेतातल्या मुक्या जिवावर चढवला की त्याच देण्याचं पाप होतं.

आणि देह देण्यात आणखी एक सोय लपलेली असते. सगळा दोष जनावराच्या पदरात पडतो.

हे लक्षात आलं ते दुष्काळात 'जॉज' पुन्हा पाहताना. अॅमिटी बेटाचा पोलिस प्रमुख पहिल्या बळीनंतरच किनारा बंद करा म्हणतो. मेयर म्हणतो, जमणार नाही. चार जुलैचा सण तोंडावर आहे, पर्यटक यायचेत, हंगाम बुडाला तर गाव काय खाईल? त्याच्या अंगात नांगरांची नक्षी असलेला कोट असतो आणि तो फार गोड बोलतो. तो दुष्ट नाही. त्याला फक्त हंगाम पार पाडायचा आहे. लहानपणी हा माणूस मला दिसलाच नव्हता, मी सगळा वेळ पाण्याकडे पाहत होतो. या खेपेला मी त्याच्यावरून नजर काढू शकलो नाही, कारण हंगाम म्हणजे काय ते लातूरला नीट ठाऊक आहे. धरणाचा तळ उघडा पडत असताना याच जिल्ह्यात उसाला पाणी चाललेलं होतं आणि कारखान्यांची धुराडी पेटत होती. बोअरवाल्यांच्या गाड्या रात्रंदिवस जमिनीच्या पोटात घुसत होत्या. गॉडझिलाला बॉम्ब उठवतो, डायनासोरला तिकिटांचा लोभ जन्माला घालतो, शार्कला बळी पुरवतो तो मेयर. आमच्याकडे मृत्यूचं कारण जमीन हलली असं लिहितात. ती हलते हे वर्षभर ऐकू येऊनही माणसं त्याच दगडाच्या भिंतींखाली निजत राहिली, हे लिहायला कागदावर रकाना नसतो.

हे चित्रपट मी अजूनही पाहतो, आवडीने पाहतो. रात्री नऊची सवय सहज सुटत नाही. पेल्यात पाणी हललं की पाय आपोआप वर घेतो, पिंप धावत आले की शेजाऱ्याचा हात धरतो, आणि जनावर मेलं की आजीसारखा उठत नाही, शेवटची नामावली संपेपर्यंत बसतो. कारण 'जॉज'चा दुसरा भाग १९७८ मध्ये आला, त्यात शार्क नवा आणावा लागला, पहिला मेला होता. मेयर तोच आहे.